ठाण्याहून ट्रॅकवर: पहिल्या ट्रॅक-डेसाठी रोजची गाडी कशी तयार करावी

एका ट्रॅक-डेला (म्हणजे स्पर्धा नव्हे, आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर ठरलेल्या वेळांत, म्हणजे सेशनमध्ये, चालवायचा दिवस) तिसऱ्या सेशनमध्ये, मुख्य सरळ पट्टा संपत आला तेव्हा मी ब्रेकवर पाय दिला आणि पेडल थेट खाली गेलं. दोनदा, तीनदा पंप केल्यावर थोडा जोर आला. गाडी वळणाबाहेरच्या मातीत जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही, गाडीलाही नाही. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, ब्लीडिंग केलं (ब्रेकच्या नळ्यांतलं ऑइल बाहेर काढलं) तेव्हा पाइपातून काळ्या चहासारखं ब्रेक ऑइल निघालं. निघण्याआधी ज्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं होतं त्याच्या बिलावर ‘ब्रेक ऑइल बदलले’ असं स्वच्छ लिहिलं होतं. मी बिल वाचलं होतं, पण काम चालू असताना शेजारी उभा राहिलो नव्हतो.

तेव्हापासून ठाण्यातलं किंवा नवी मुंबईतलं कुणीही विचारायला आलं, की “दादा, ट्रॅकवर जायचंय, गाडीला काय काय करू?”, की मी पहिला प्रश्न ब्रेक ऑइलचाच विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात एक्झॉस्ट असतो, रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) असतो, मोठी रिम असते. पण ट्रॅकवर नव्या माणसाची गाडी हरते ती उष्णतेपुढे. ब्रेक तापतात, टायर तापतात, इंजिन ऑइल तापतं आणि हेल्मेटच्या आतला माणूसही तापतो. या चार गोष्टींची उष्णता सांभाळायची, एवढीच पहिल्या ट्रॅक-डेची तयारी. बाकीचं सगळं नंतर.

आधी ट्रॅक, मग गाडी

पाम बीच रोडबद्दल आधीच बोलून टाकतो. वाशीपासून बेलापूरपर्यंतचा तो रुंद रस्ता रात्री मोकळा दिसला की पाय शिवशिवतो, हे मला ठाऊक आहे. पण त्याच रस्त्यावर सिग्नल आहेत, नेरुळ-सीवूड्सला पायी ओलांडणारी माणसं आहेत, पहाटे फ्लेमिंगो बघायला आलेली कुटुंबं आहेत. तिथे चूक झाली तर गाडी शिरायला माती नाही, दुभाजक आहे. कायदाही स्पष्ट आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घोडबंदर रोड, येऊरची चढण, अटल सेतू यांनाही हेच लागू. वेगाची हौस खरी असेल तर ती अशा ठिकाणी न्या जिथे समोरून कुणी येणार नाही आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर झेंडा घेऊन मार्शल उभा असेल.

अशा जागा देशात थोड्याच आहेत. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागातल्या इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट १९९० पासून चालू आहे. पूर्ण लॅप, म्हणजे एक फेरी, ३.७१७ किलोमीटरची. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २००३ चा, एस. करिवर्धन यांच्या नावाचा, लांबी २.१ किलोमीटर. ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट २०११ चा, ५.१२५ किलोमीटर आणि १६ वळणं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झाली. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्या आहेत, पण ड्रॅग हा सरळ रेषेतला खेळ. वळण शिकायचं तर ट्रॅकच हवा.

नवशिक्यांना मी कारी सुचवतो. ट्रॅक छोटा आहे, वेग त्या मानाने कमी राहतो आणि लॅप लवकर पाठ होते. बुद्धवर लांबलचक सरळ पट्टा आहे, तिथे साधी गाडीही मोठा वेग पकडते आणि ब्रेकची परीक्षा फार लवकर घेते. पहिल्याच खेपेला तिथे जाऊ नका. इरुंगट्टुकोट्टई या दोन्हींच्या मधला. आणि आपल्यासाठी त्याची वाट सोपी आहे: पनवेलजवळून पुण्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, हुबळी, बंगळूर करत थेट त्या ट्रॅकच्या परिसरातून जातो.

महिना निवडताना एक लक्षात ठेवा. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. दिवाळीची सुट्टी धरून बेत आखलात तर तिथे पावसात सापडाल. जानेवारी ते मार्चची सुरुवात हा काळ मला बरा वाटतो. शिवाय गणपतीनंतर गाडी नीट करायला आपल्याकडे तीन महिने मिळतात.

ट्रॅक-डेला साधारणपणे साधं वाहनचालक लायसन्स पुरतं. स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआय, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्टची शिखर संस्था, तिचं लायसन्स काढावं लागतं. ते नंतर बघू.

गाडी कोणती

जी रोज चालवता ती. जुनी स्विफ्ट असेल तर स्विफ्ट, पोलो असेल तर पोलो. तिचा क्लच कुठे धरतो, तिचं नाक कधी जड होतं, हे तुमच्या अंगात मुरलेलं असतं आणि ट्रॅकवर ते कामाला येतं. आय-ट्वेंटी एन लाइन किंवा दीडशे हॉर्सपॉवरची व्हर्टस जीटी असेल तर उत्तम, पण पहिल्या दिवसासाठी जास्तीची ताकद उपयोगाची नसते. हलकी, कमी ताकदीची गाडी तुमची चूक तुम्हाला दाखवते. ताकदवान गाडी चुकीने घेतलेलं वळण पुढच्या सरळ पट्ट्यावर भरून काढते, आणि आपल्याला वाटतं की आपण छान चालवलं.

रीमॅप, मोठा टर्बो, आवाज करणारा सायलेन्सर यांना आत्ता हात लावू नका. कंपनीने दिलेल्या रचनेत असे बदल केले तर कलम ५२ आडवं येतं, आणि एमएच ०४ किंवा एमएच ४३ च्या पासिंगची गाडी उद्या पुन्हा माजिवड्याच्या सिग्नलला उभी राहायचीच आहे.

ब्रेक: इथे कंजुषी नको

एक साधा हिशोब करू. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठाण्यात ४० च्या वेगावरून सिग्नलला थांबताना ब्रेक जेवढी उष्णता शोषतात, त्याच्या जवळजवळ चौदापट उष्णता १६० वरून ६० वर येताना शोषावी लागते. तीही काही सेकंदांत, आणि एका लॅपमध्ये चार-पाच वेळा. गाडी १२०० किलोची धरली तर प्रत्येक मोठ्या ब्रेकिंगला सुमारे दहा लाख ज्यूल. ही उष्णता डिस्कमध्ये जाते, तिथून पॅडमध्ये, पॅडमधून ते दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये आणि कॅलिपरमधून ब्रेक ऑइलमध्ये.

ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं, तो त्याचा गुणधर्मच आहे. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात पाणी मुरलं की मानकानुसार हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ मध्ये हे आकडे २६० आणि १८० आहेत. ठाणे-नवी मुंबईत, खाडीच्या काठावर आणि चार महिन्यांच्या पावसात, दोन वर्षं न बदललेलं ऑइल कुठल्या बाजूला सरकलेलं असेल ते वेगळं सांगायला नको. ऑइल उकळलं की बुडबुडे तयार होतात. बुडबुडे दाबले जातात, पेडल खाली जातं, चाकाला जोर पोचत नाही. माझं नेमकं हेच झालं होतं.

म्हणून ट्रॅक-डेच्या आधीच्या आठवड्यात चारही चाकांचं ऑइल बदलून ब्लीडिंग करून घ्या. चांगलं डॉट ४ किंवा डॉट ५.१ चालेल. नुसतं ‘डॉट ५’ लिहिलेलं ऑइल सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही; नावं सारखी असल्याने दुकानात गोंधळ होतो. बाटली सीलबंद हवी, तुमच्यासमोर उघडायला हवी, उरलेलं ऑइल पुढच्या वर्षासाठी ठेवायचं नाही. वागळे इस्टेटमध्ये असो की तुर्भ्यात, मेकॅनिकला आधीच सांगा: “दादा, मी शेजारी उभा राहणार आहे, राग मानू नका.” चांगला मेकॅनिक राग मानत नाही, उलट निघालेलं जुनं ऑइल बाटलीत धरून दाखवतो.

पॅड किमान निम्म्याहून जाड हवेत. रस्त्यावर हजारो किलोमीटर चालणारे पॅड ट्रॅकवर एका दिवसात संपू शकतात, आणि परत यायला तेराशे किलोमीटर आहेत. जमलं तर पुढच्या चाकांना जास्त उष्णता सोसणारे पॅड लावा आणि जुने डिकीत ठेवा. पॅडही तापून हार मानतात, पण त्याची खूण वेगळी असते: पेडल टणक राहतं आणि गाडी मात्र थांबत नाही. पेडल मऊ पडलं तर ऑइल, टणक राहून थांबत नसेल तर पॅड. हा फरक ओळखता आला की पिटमध्ये काय मागायचं ते कळतं. दोन्ही वेळा उपाय तोच, पुढची अर्धी लॅप हळू काढून पिटमध्ये या.

डिस्कवर खोल चर किंवा कडेला तडे असतील तर डिस्क बदला, त्याला पर्याय नाही.

टायर आणि हवा

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपलीकडचा टायर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, ट्रॅकवर नेऊ नका. रबर कडक झालेलं असतं. वेगाचं अक्षरही पाहा: टी म्हणजे ताशी १९०, एच २१०, व्ही २४०. पावसाळ्यानंतर तर टायरची आतली बाजू हाताने चाचपा. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी आलेला फुगा बाहेरून दिसत नाही, लिफ्टवर गाडी चढवली की आत सापडतो. रिमला बाक आला आहे का, चाक वळवणारे टाय-रॉड आणि सस्पेन्शनचे रबरी बुश ढिले आहेत का, तेही त्याच वेळी बघून घ्या. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग सगळ्यात शेवटी.

टायर तापला की आतली हवा फुगते. साधारण सहा अंशांमागे एक पीएसआय. सकाळी ३२ भरलेला टायर दोन-तीन लॅपनंतर ३८ च्या पुढे गेलेला आढळेल, आणि फुगलेला टायर मधल्या पट्ट्यावर चालतो, पकड कमी होते. सेशन संपवून पिटमध्ये आलात की लगेच मोजा. कंपनीने दिलेल्या थंड आकड्यापेक्षा चार-पाच पीएसआयहून जास्त वाढ असेल तर वरची जास्तीची हवा काढा आणि वहीत लिहा. स्वतःचं गेज घ्या, कारण पेट्रोल पंपांवरची मापं एकमेकांशी जुळत नाहीत. संध्याकाळी हायवेला लागण्यापूर्वी टायर थंड झाल्यावर पुन्हा पूर्ण हवा भरायची. हे विसरणारे पुष्कळ पाहिलेत.

चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळा. फोक्सवॅगनच्या पोलोला १२० न्यूटन मीटर लागतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असेल. पायाने पान्यावर उभं राहून आवळलेला नट तापल्यावर काय करेल, याचा भरवसा नसतो.

इंजिन, पेट्रोल, विमा

ऑइल नवं, पातळी वरच्या खुणेला, खुणेच्या वर नाही. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं, पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. कूलंट योग्य मिश्रणाचं हवं, नुसतं पाणी नको. टर्बो पेट्रोल असेल तर ९५ ऑक्टेन भरा. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. वळणात पेट्रोलही सरकतं, शिवाय ट्रॅकवर लिटरला चार-पाच किलोमीटर मिळाले तरी खूप.

विम्याची पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी, त्यासारखा वापर वगळलेला असतो. म्हणजे ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचा. घरच्यांना हे जाण्याआधी सांगा. मी पहिल्यांदा सांगितलं नव्हतं, आणि ते चुकलंच.

घरच्या घरी सराव

वेग न वाढवता ट्रॅकची निम्मी तयारी ठाण्याच्या रहदारीत होते. सीट अशी लावा की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडेल आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. हात नऊ आणि तीनच्या जागी. मग आईला शेजारी बसवा आणि मुलुंड टोलनाक्यापासून कापूरबावडीपर्यंत अशी गाडी चालवा की थांबताना तिची मान पुढे झुकणार नाही. ब्रेक दाबणं जमतं सगळ्यांना, हळूच सोडणं सरावानेच येतं. ट्रॅकवर गाडी वळणात शिरते ती ब्रेक सोडण्याच्या पद्धतीवर.

दुसरा सराव नजरेचा. बोनेटच्या पुढे दहा फुटांवर बघायची सवय मोडा, रस्ता जिथे नाहीसा होतो तिथे बघा. आणि शक्य असेल तर कार्टिंग करा. कोल्हापूरची मोहिते रेसिंग अकॅडमी महाराष्ट्रात या खेळाचं मोठं ठिकाण आहे आणि दक्षिणेकडे जाताना वाटेतच पडते. कार्टमध्ये चार तास घालवलेला माणूस ट्रॅकवर पहिल्याच सेशनला वेगळा ओळखू येतो.

निघताना

कळंबोलीला द्रुतगती मार्ग सुरू होण्याआधी हवा तपासा आणि सावकाश जा. पहिला मुक्काम हुबळीच्या आसपास, दुसरा ट्रॅकजवळ. आदल्या रात्री पूर्ण झोप हवीच. चौदा तास गाडी चालवून सकाळी थेट ट्रॅकवर उतरू नका. गाडी कार-कॅरियरने पाठवून स्वतः रेल्वेने जाणारेही आहेत. खर्च जास्त, पण काही बिघडलं तर परतीची चिंता नाही.

सोबत: टॉर्क पाना, गेज, हवेचा छोटा पंप, एक लिटर ब्रेक ऑइल, एक लिटर इंजिन ऑइल, जुने पॅड, चाकाखाली लावायला लाकडी ठोकळे, चिकटपट्टी, टॉर्च, ताडपत्री. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट स्वतःचं असावं. मोटारीसाठी स्नेल एसए प्रमाणाचं हेल्मेट आगीलाही तोंड देतं. पहिल्या दिवशी आयएसआयचं चालेल का, ते आयोजकांना आधी विचारा. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि सुती, कारण सिंथेटिक कापड आगीत वितळून कातडीला चिकटतं. बूट पातळ तळाचे.

पोचल्यावर गाडी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, पाण्याच्या बाटल्या, चार्जर, सगळं बाहेर. डॅशबोर्डवरचा गणपतीही काढून मऊ कापडात गुंडाळा आणि पिटमधल्या पिशवीत वर ठेवा. ब्रेकिंगच्या वेळी सुटी झालेली मूर्ती काचेवर आदळते, आणि सुटी बाटली पेडलखाली जाते.

ट्रॅकवर

सकाळचं ब्रीफिंग एक शब्दही न चुकवता ऐका. झेंडे तिथेच पक्के करा. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, कुणाला मागे टाकायचं नाही. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटमध्ये या. निळा दाखवला तर मागून वेगवान गाडी आली आहे, सरळ पट्ट्यावर तिला वाट द्या. लाल-पिवळे पट्टे असलेला म्हणजे रस्ता निसरडा, बहुतेक कुणाचं तरी ऑइल सांडलेलं. काळा तुमच्याकडे रोखला तर तुम्हालाच बोलावलं आहे. चौकटीचा म्हणजे वेळ संपली.

पहिल्या सेशनमध्ये सत्तर टक्के जोराने चालवा. मार्शलच्या चौक्या मोजा, ब्रेकिंगच्या पाट्या ओळखा, नवे पॅड असतील तर हळूहळू तापवत बसवा. इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली चालूच ठेवा. वळणाचा क्रम साधा आहे: बाहेरच्या कडेने या, चाकं सरळ असतानाच जोरात ब्रेक घ्या, ब्रेक सोडत आत वळा, आतल्या कडेला उशिरा पोचा आणि बाहेर पडताना स्टिअरिंग सरळ करत ॲक्सिलरेटर वाढवा. टायरची पकड एकच असते. ती ब्रेकला दिली तर वळायला उरत नाही, वळायला दिली तर ब्रेकला उरत नाही.

दोन गोष्टी पाठ करून जा. दोन चाकं रस्त्याबाहेर गेली तर स्टिअरिंग झटक्याने आत ओढू नका. गाडी सरळ ठेवा, वेग उतरू द्या, मग अलगद आत या. झटका दिला की गाडी फिरून दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर जाते. आणि गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा, थांबेपर्यंत सोडू नका, मग मार्शलच्या इशाऱ्याची वाट बघा. गाडीतून उतरू नका.

प्रत्येक सेशनची शेवटची लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता काढा, म्हणजे वाऱ्याने डिस्क थंड होतात. पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या डिस्कला पॅड एकाच जागी चिकटून राहतो. गिअरमध्ये टाका, चाकाला ठोकळा लावा, बोनेट उघडा. मग स्वतःकडे बघा. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दर सेशननंतर, तहान नसली तरी. दुपारी जड जेवू नका. लक्ष उडायला लागलं, एकच चूक दोनदा झाली, तर शेवटचं सेशन सोडून द्या. माझ्या पाहण्यात गाड्या बहुतेक शेवटच्या सेशनलाच ठोकल्या गेल्या.

ठाण्याला परतल्यावर आठवड्याभरात गाडी लिफ्टवर चढवा. नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, इंजिन ऑइल बदला, पॅडची जाडी मोजून जाण्यापूर्वीच्या आकड्याशेजारी लिहा, चारही टायरच्या खांद्यांचे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कडांचे, फोटो काढा. एका खांद्याची जास्त झीज दिसली तर पुढच्या वेळी हवा किंवा अलाइनमेंट कुठे बदलायची ते त्यावरून ठरतं. शेवटी थोडं ब्रेक ऑइल काचेच्या बाटलीत काढा आणि उजेडात धरा. मधासारखं फिकं असेल तर ब्लीडिंगच्या निप्पलमधून थोडं काढून वर ताजं भरलं तरी रोजच्या वापराला पुरे. गडद झालं असेल तर सगळं बदलायचं, आणि हो, शेजारी उभं राहून.